आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी मंडळाने काय काय केले, ते चिटणीसबाईंनी अहवालात वाचून दाखवलेच आहे. पुढे काय करावे याच्या सूचनाही पुष्कळ आल्या आहेत. मला बोलायचे आहे ते या दोहोंच्या मधल्या एका पायरीविषयी. अडचण आली की आपण लगेच विचारतो, "आता करायचे काय?" त्याच्या आधी "नेमके बिघडले काय?" हे विचारायचे राहूनच जाते. मग आग रामेश्वरी लागते आणि बंब सोमेश्वरी जातो.

आपल्या स्वयंपाकघरातलेच घ्या. डाळ शिजत नाही. कोणी म्हणते आच कमी पडते, कोणी म्हणते वाण्याने जुनी डाळ दिली, आणि कोणी सुनेला बोल लावून मोकळी होते. शहाणी बाई आधी पाहते, की डाळ रोज शिजत नाही की कधी कधी? तीच डाळ शेजारणीकडे शिजते का? नळाच्या पाण्यात शिजते आणि विहिरीच्या पाण्यात दडदडीत राहते, असे दिसले की उलगडा झाला. विहिरीचे पाणी जड आहे, त्यातल्या क्षारांमुळे डाळ लवकर मऊ होत नाही. दोष आचेचा नाही, वाण्याचा नाही आणि सुनेचाही नाही. डाळीपुरते नळाचे पाणी घेतले की काम झाले. हे न कळता आच वाढवीत बसले तर जळण जाते, डाळ तशीच राहते आणि वर घरात वाद होतो तो निराळाच.

डाळीचे एक वेळ सोडून देऊ. पण हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली तर काय होते, ते आपल्या मुंबई-पुण्याने पाहिले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो रोग प्रथम ओळखला. रोगाचे नाव कळले, पण तो एकापासून दुसऱ्याला होतो कसा, हे कोणालाच कळले नव्हते. सरकारने धरून चालले की घाण आणि कोंदट हवा हेच कारण. मग गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुतली, घरांची कौले काढली, लोकांचे सामान जाळले. १८९७ साली पुण्यात तर गोरे शिपाई घराघरांत शिरले. बायकामाणसांची अब्रू राहिली नाही, आणि रोग होता तिथेच होता. त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

खरे तर खूण घरातच पडलेली होती. साथीच्या आधी घरात उंदीर मरून पडत. पुढे पुढे तर उंदीर पडले की लोक घर सोडून रानात झोपड्या घालून राहत. १८९८ साली कराचीला सायमंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने त्या उंदरांकडे नीट पाहिले. त्याने एका बरणीत प्लेग झालेला उंदीर ठेवला आणि एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून त्याच बरणीत टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसवा मात्र उडी मारून जातील, अशी ती व्यवस्था होती. निरोगी उंदराला प्लेग झाला. उंदराच्या अंगावरची पिसू रोग नेते, हे असे ठरले. पुढे १९०५ पासून मुंबईत जे प्रयोग झाले, त्यांनीही तेच सिद्ध केले.

यातून मी एक गोष्ट घेतली आहे, आणि तीच आज तुमच्यापुढे ठेवते. प्रश्न नीट मांडला नाही, की दोष माणसाच्या माथी येतो. पिसू कोणाला दिसली नाही, म्हणून "हे लोकच घाणेरडे" असे ठरले आणि शिक्षा लोकांना झाली.

हे आपल्या घरांतही होते. आमच्या आळीत एका घरी नवी सून आली. वर्षभरात तिचे नाव "आळशी" पडून गेले. केर काढता काढता खाली बसते, पाण्याची कळशी अर्ध्या जिन्यात टेकवते. सासूबाई काही वाईट नव्हेत. त्यांनी समजावले, रागावल्या, माहेरी निरोप धाडला, अंगारासुद्धा आणला. शेवटी मुलांना लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी विचारले, "हे केव्हापासून? कोणत्या कामाला होते? आणि खाते काय?" तेव्हा निघाले, की जिना चढताना धाप लागते, बाळंतपणानंतर वाढली आहे, आणि ती चोरून पाटीवरची पेन्सिल आणि कच्चे तांदूळ खाते. दवाखान्यात रक्त तपासले. बाईमाणसाचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर रक्त कमी समजतात. तिचे ७ होते! लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवणाबरोबरचा चहा बंद झाला, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. काही महिन्यांनी तीच मुलगी भरली कळशी न टेकवता वर नेऊ लागली.

भगिनींनो, "सून आळशी आहे" हा प्रश्न नव्हे, तो निकाल आहे. "जिना चढताना तिला धाप लागते" हा प्रश्न. तसेच "आपल्याला टाकी बांधायला हवी" हाही प्रश्न नव्हे, तो उपाय झाला. "सकाळी सातनंतर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही" हा प्रश्न. म्हणून अडचण एका वाक्यात कागदावर लिहावी. त्या वाक्यात कोणाचा दोष नसावा आणि उपायही नसावा. काय होते, कोणाला होते, केव्हापासून होते आणि केव्हा होत नाही, एवढेच असावे. "केव्हा होत नाही" हे विसरू नये, डाळीची गाठ त्यानेच सुटली.

आता आपल्या घरचे. शिवणवर्गाच्या पटावर ३० नावे आहेत आणि येतात जेमतेम आठजणी. "बायकांना गोडी राहिली नाही, वर्ग बंद करून यंत्रे विकावीत," असा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. मैत्रिणींनो, "गोडी नाही" हा पुन्हा निकालच झाला. ज्या २२ जणी यायच्या थांबल्या, त्या कोणत्या महिन्यापासून थांबल्या? सगळ्या एकदम, की एकेक करून? त्या एकाच भागातल्या आहेत का? ज्या आठजणी येतात, त्यांना कशामुळे जमते? यातले आपल्याला काहीही ठाऊक नाही. हजेरीचे पुस्तक कपाटात आहे, आणि त्या बायका हाकेच्या अंतरावर राहतात.

माझी विनंती एवढीच, की ठराव एक महिना पुढे ढकलावा. कार्यकारिणीत आपण अकराजणी आहोत. प्रत्येकीने दोन घरी जावे म्हणजे बावीसही घरे होतील. उपदेश करायला जाऊ नये, विचारायला जावे, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. कदाचित खरोखरच गोडी नाही असेच निघेल. मग खुशाल ठराव मांडा, पहिला हात माझा वर असेल. पण यंत्रे एकदा विकली की परत यायची नाहीत. विकण्यापूर्वी एवढे तरी कळू द्या, की आग लागली आहे कुठे.