घड्याळ नव्हे, काटा पाहा



संगणकावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल. पण यंत्र चालू कसे करावे हा प्रश्न माळेगाव-भवानीनगरच्या साखर कारखान्यांत आहे, तोच हिंजवडीच्या कचेऱ्यांतही आहे. आणि तेथे आपल्याच बारामती-इंदापूरची मुले बसली आहेत.

सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी तपासावे लागते. त्यासाठी काही संगणक एकत्र जोडतात. हा चाचणीचा क्लस्टर. आधी डेटाबेस उठवायचा, मग त्यावर विसंबणारे सर्व्हर, शेवटी चाचण्या. हा क्रम संगणकाला लिहून देतात, ती स्क्रिप्ट. जो येतो तो तिला एक ठिगळ लावून जातो. एके ठिकाणी लिहिलेले असते, ‘३० सेकंद थांबा’. तीसच का? लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला! एखाद्या रात्री डेटाबेसला ४० सेकंद लागले की पुढचे सारे कोसळते, आणि बोल लागतो रात्रपाळीच्या पोराला.

आपल्याकडे बॉयलरचे अग्निप्रदीपन मुहूर्तावर होते, गव्हाणीत मोळीही मुहूर्तावर पडते. पण वाफ कोणी घड्याळ पाहून सोडत नाही. पाण्याची पातळी पाहतात, दाबाचा काटा पाहतात, मगच टर्बाइन फिरते. स्क्रिप्टमध्येही मोजून थांबणे काढून टाकावे. ‘तयार आहेस का?’ असे डेटाबेसलाच विचारावे. ठरल्या मुदतीत उत्तर आले नाही तर तेथेच थांबून काय अडले ते स्वच्छ लिहावे. लिनक्समध्ये २०१० साली आलेल्या सिस्टमडीला तर कोण कोणावर विसंबून आहे आणि कोणी कोणानंतर उठायचे एवढे सांगितले की पुरते. त्यावरून साऱ्यांचा क्रम ती स्वतः लावते.

आता आमच्या मंडळींची भीती. ‘गुपित माझ्यापाशी आहे तोवर नोकरी आहे,’ असे फिटर म्हणत, आज इंजिनिअर म्हणतात. अरे बाबा, गुपित तुझ्यापाशी, म्हणूनच दिवाळीच्या पहाटे फोनही तुलाच! बॉयलरचा कायदा १९२३चा असो की त्याच्या जागी आलेला २०२५चा, बॉयलर अटेंडंटचा मान त्याच्या प्रमाणपत्राला आहे, झडप लपवण्याला नाही. मात्र स्क्रिप्ट सोपी झाली म्हणून माणसे कमी करू म्हणणाऱ्या मालकाशी आमचे भांडण राहील.

गेल्या आठवड्यात लागलेल्या मुलीला ती स्क्रिप्ट द्यावी, शेजारी कोणी उभे राहू नये. ती जेथे अडेल, ती ओळ दुसऱ्या दिवशी नीट लिहावी.