शेवटचं ताट

कॉलेजात असताना मी आमच्या आपावर एक कविता लिहिली होती. तिचा फिकट चेहरा मला पहाटेच्या चंद्रासारखा वाटायचा, तेच त्यात होतं. गॅदरिंगला टाळ्याही पडल्या. पुढच्याच वर्षी आपा बाळंतपणासाठी माहेरी आली आणि मोरीत भांडी घासता घासता चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. हिमोग्लोबिन सात भरलं. गरोदर बाईचं ते निदान अकरा हवं. चंद्र कसला, तो आजार होता! ती कविता मी पुन्हा कुठं वाचली नाही.

या आजाराशी मुंबईचं जुनं नातं आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना होणारा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं. बायांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली, तेव्हा सर्वांत निकस आहार आणि सर्वांत जास्त रक्तक्षय गरीब मुसलमान बायांमध्ये दिसला. हे वाचताना मला आमच्या घरातल्या साऱ्या बाया आठवल्या. विल्सबाईंनी यीस्टचा स्वस्तातला अर्क, म्हणजे मार्माइट, देऊन पाहिला आणि रुग्ण सुधारू लागले. त्या अर्कातलं औषधी द्रव्य काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं फोलिक आम्ल. विल्सबाईंच्या रुग्णांना उणीव होती ती याचीच.

आज आपल्याकडे रक्तक्षयाचं मोठं कारण आहे लोहाची कमतरता. तिच्या जोडीला फोलिक आम्ल आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांचं प्रमाण ५४ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर ते ६९ टक्क्यांच्या घरात होतं.

पाळी आणि बाळंतपणं यांत बाईचं रक्त जातं, म्हणून तिला लोह जास्त लागतं. आपण तिला देतो कमी. ‘तुमच्याकडे मटण शिजतं, तुम्हाला कसली कमतरता?’ असं मित्र विचारतात. मटणातलं लोह अंगी लवकर लागतं, हे खरंच. पण आमच्या दस्तरखानावर कलेजीचे तुकडे आधी अब्बांच्या आणि आम्हा भावांच्या ताटात पडायचे. अम्मी आणि आपा शेवटी बसायच्या. तोवर पातेल्यात रस्सा उरलेला असायचा. वर लगेच कडक चहा. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे घरात कुणाला ठाऊक होतं? पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त मिळतं, हेही पुष्कळ उशिरा कळलं.

सरकारतर्फे लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी, गरोदर बाईला रोज एक तांबडी, किमान १८० दिवस. पण गोळी हातात पडली म्हणजे पोटात गेलीच असं नाही. आपालाही गोळ्या मिळाल्या होत्या. चार दिवसांत शौचाला काळं झालं, मळमळू लागलं. ती घाबरली आणि पुडी फडताळात गेली. काळा रंग लोहामुळेच येतो, त्यात भिण्यासारखं काही नाही, मळमळत असेल तर जेवणानंतर गोळी घ्यावी, एवढं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चक्कर आल्यानंतर डॉक्टरांनी ते सांगितलं. मग अम्मी रोज समोर उभी राहून गोळी घ्यायला लावायची. बाळंतपण सुखरूप पार पडलं.

आपा आता आजी झाली आहे. तिच्या घरी सुना सगळ्यांबरोबर जेवायला बसतात, हा तिचा हुकूम आहे. तुम्हीही आज रात्री आपल्या घरात पाहा, शेवटचं ताट कुणाचं असतं आणि त्यात काय उरलेलं असतं.