अडकलेला काटा

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय: ‘तू बारीक कशी झालीस ते सांग.’ बारीक मी झालेली नाही, ते तुम्हाला दिसतंच आहे. पण ८४ किलोंवरून ७१ वर आले, आणि मधले अकरा आठवडे काटा ७६ वर अडकून बसला होता. मला त्या अकरा आठवड्यांबद्दलच बोलायचंय. वजन कसं उतरलं ते सगळे उत्साहाने सांगतात. अडकल्यावर काय, ते कोणी सांगत नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. सुरुवात झाली ती एका रिपोर्टपासून. एचबीएवनसी ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आईला मी वर्षानुवर्षं पोटाला इन्सुलिन टोचून घेताना पाहिलंय, तिची नजर अधू होताना पाहिलीय. त्यामुळे साडी कशी नेसता येईल हा प्रश्न माझ्यापुढे नव्हता. डॉक्टरांशी बोलून भात, पोळी, साखर, बटाटा बंद केला. अंडी, मासे, पनीर, दही, पालेभाज्या सुरू.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो गेले. घरात पेढे वाटायचेच बाकी होते! पण ती बरीचशी चरबी नव्हतीच. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पिष्टमय पदार्थ कमी केले की साठा उपसला जातो, पाणी निघून जातं. खरी चरबी त्यानंतर, हळूहळू जाते.

मग ७६. रोज सकाळी ७६. जेवण तेच, चालणं तेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, तुझी हाडंच जड आहेत.” एका भाच्याने सात दिवस नुसतं नारळपाणी प्यायला सुचवलं. मी वही काढली.

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, तेव्हा हिशोब नीट मांडते. एक किलो वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो. लहान देह, कमी इंधन. माझे आठ किलो उतरले होते, म्हणजे रोजचे जवळपास दोनशे. जी तूट ८४ किलोच्या बाईला पडत होती, ती ७६ किलोच्या बाईला उरलीच नव्हती. शिवाय उलट बाजूने भूक वाढते, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे शंभर कॅलरींनी. शरीराला आपण बारीक होतोय हे कळत नाही. त्याला दुष्काळ पडलाय एवढंच कळतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं आणि विश्रांतीतला खर्च मात्र अपेक्षेपेक्षा सुमारे पाचशे कॅलरींनी कमीच! २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. ते वाचून मला उलट बरं वाटलं. काटा अडकणं हा आपल्या चारित्र्यातला दोष नाही.

दोनशे कॅलरी म्हणजे किती? दोन मोठे चमचे तूपसुद्धा नाही. आणि कमी पिष्टाच्या आहारात आपल्या मराठी स्वयंपाकघरात कॅलरी कुठे असतात? कुटात. भेंडीत कूट, काकडीत कूट, वांग्यात कूट. मूठभर दाणे, तीस ग्रॅम, म्हणजे सुमारे १७०. आतापर्यंत ते मोजायची गरजच पडली नव्हती. आता कूट आणि तूप चमच्याने मोजून घालायला लागले, बाकी ताट तेच ठेवलं. प्रत्येक जेवणात प्रथिनं आधी, म्हणजे भूक आवरते. आणि आठवड्यातून दोनदा डंबेल्स. चाळिशीनंतर स्नायू आपणहून झिजतात. वजन उतरवताना तर जास्तच. सासूबाई आधी हसल्या, आता त्याही खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव करतात.

वजन रोज करायचे, पण सात दिवसांची सरासरीच वहीत. बाराव्या आठवड्यात सरासरी ७५.६ आली. चारशे ग्रॅम! ऑफिसात रिलीज यशस्वी झाल्यावरही मी एवढी खूश होत नाही. पाच किलोंना पुढे आठ महिने लागले.

आता दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी खाते. ती सुरू केली तेव्हा दोन दिवसांत काटा किलोभर वर गेला. घाबरले नाही, ते पाणी परत आलं होतं. आहाराच्या नावाने भांडणाऱ्यांना एक सांगते: २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सहाशेवर माणसांवर वर्षभर कमी स्निग्ध आणि कमी पिष्ट अशी तुलना केली. दोन्हीकडे सरासरी पाच-सहा किलो उतरले, फरक नगण्य. मला हा जमला, तुम्हाला दुसरा जमेल.

आणि एक मात्र कळकळीने. इथे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे अनेक जण आहेत. उद्यापासून परस्पर भात-पोळी बंद करू नका. औषध तेच आणि पिष्ट कमी, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. काही गोळ्यांबरोबर रक्तातली आम्लताही वाढते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.

माझा गेल्या महिन्यातला एचबीएवनसी ५.६ आला. काटा पुन्हा ७१ वर थांबलाय, पाच आठवडे झाले. वही पर्समध्ये आहे. कोणाला आकडे बघायचे असतील तर जेवणाच्या रांगेत भेटा.