पालावरच्या माणसाला आधी कागद विचारू नका



आज भटक्या-विमुक्तांच्या आरोग्याबद्दल बोलायचंय, त्यातही मनाच्या. हा दुसऱ्या कुणाचा विषय आहे असं समजू नका. राज्याच्या यादीत छप्परबंद आहेत, दरवेशी आहेत, मुस्लिम मदारी आहेत. नमाजला आपल्याच शेजारी उभे राहतात. सोयरीक जुळवताना मात्र आपल्याला त्यांची जात आठवते, ते असो.

इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांकडे रोजची हजेरी आली. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही हजेरी १९१८ मध्येच बंद केली, पारध्यांना पहाऱ्याची कामं दिली. देशभर कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. हजेरी गेली, संशय राहिला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागायला गेली होती ती माणसं. यानंतर पालावरच्या बाईला रात्री झोप लागत नसेल, तर तिला आजारी म्हणायचं की शहाणी?

दरवेशी अस्वल घेऊन फिरायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बेकायदा झाला. जनावराचे हाल थांबले, चांगलंच झालं. पण त्या घरांची चूल कशावर पेटणार, हे कुणी विचारलं? कर्ता माणूस गप्प होत जातो, जेवण तुटतं, आणि घरचे म्हणतात नजर लागली. दुवा मागा, ताबीज बांधा, मी अडवत नाही. डॉक्टरकडेही न्या.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला. २०२२ मध्ये केंद्राची 'सीड' योजना आली, पाच वर्षांसाठी २०० कोटी, त्यात आरोग्य विमाही आहे. गाडी अडते कागदावर. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचं वास्तव्य दाखवावं लागतं. ज्याचा आजा दर महिन्याला पाल हलवत होता, त्याने कुठल्या गावचा उतारा आणायचा?

आता हे नीट ऐका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ सांगतं की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे कार्ड असो वा नसो, आणि बेघर, निराधार माणसालाही, सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. कार्ड नसलं तरी. हे खिडकीवर बसलेल्याला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक हवं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबरही मोबाइलमध्ये ठेवा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय लांब पडतं, आणि नावानेच लोक घाबरतात. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करा. एकट्याला पाठवू नका, बरोबर जा. पहिल्यांदा जाताना धाकधूक वाटत असेल तर मला सांगा, मी येतो.