डोळे उघडले आणि विहीर दिसली

मी रायगड जिल्ह्यातली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. पूर्वी आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी शब्बाथ पाळायचा म्हणून घाणा बंद ठेवायची. त्यावरून गावात आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणत. घरची बोली मात्र मराठीच.

आमच्या नव्या वर्षाला रोश हशाना म्हणतात. त्याच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये दोन बायकांच्या गोष्टी वाचतात. एक हागारची, दुसरी हन्नाची. आज त्याच सांगते.

हागार ही अब्राहामाच्या घरातली मिसरी दासी. त्याच्यापासून तिला मुलगा झाला. पुढे तिला मुलासकट घराबाहेर काढलं. हातात थोडी भाकरी आणि पाण्याची पखाल, एवढंच. बैरशेबाच्या रानात ती वाट चुकली. पाणी संपलं. लेकरू डोळ्यांसमोर मरताना बघवेना, म्हणून त्याला झुडपाखाली ठेवून ती लांब जाऊन बसली आणि मोठ्यानं रडली. तेव्हा देवदूताची हाक आली: भिऊ नकोस, ऊठ, पोराला उचल, त्याचा हात घट्ट धर. मग देवानं तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली.

बघा हं, देवानं नवी विहीर खणली असं तिथं लिहिलेलं नाही. डोळे उघडले, एवढंच लिहिलंय. दुःखात आपलंही असंच होतं. शेजारीण असते, गट असतो, आरोग्य केंद्र असतं, पण रडून सुजलेल्या डोळ्यांना काही दिसत नाही. याच हागारनं आधी एकदा देवाला नाव दिलं होतं, ‘मला पाहणारा’. घरात जिला कुणी मोजत नव्हतं, तिला देव पाहत होता.

दुसरी हन्ना. तिला मूल नव्हतं. सवत टोमणे मारायची. शिलोच्या देवस्थानात ती रडत प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई दारू पिऊन आली. ती गप्प बसली नाही. म्हणाली, मी प्यालेली नाही, मन मोकळं करतेय. एलीनं मग तिला आशीर्वाद दिला. ती जेवली आणि तिचा चेहरा पालटला. मूल पुढे झालं, चेहरा आधी पालटला. आमच्या तलमूदमधल्या शास्त्र्यांनी प्रार्थना कशी करावी हे या बाईकडूनच शिकून घेतलं.

माझे यजमान आजारी होते तेव्हा मला प्रार्थनेचे शब्दच आठवत नसत. नुसते ओठ हलायचे. हन्ना आठवली की वाटायचं, एवढंही चालतं. तलमूदमध्ये असंही सांगितलंय की आजाऱ्याच्या उशाशी शखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य असतं, आणि भेटायला येणारा माणूस त्याच्या आजाराचा साठावा हिस्सा उचलून नेतो. आमच्या आळीतल्या बायका रोज येत. कुणी पेज आणी, कुणी नुसती बसे. यजमान राहिले नाहीत. पण त्या खोलीत मी एकटी नव्हते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, या गोष्टी ‘मुकाट सोसा’ असं सांगत नाहीत. हागार उठली. हन्ना बोलली. घरात मारहाण असेल तर सांगा, दुखणं असेल तर दवाखान्यात जा. प्रार्थना औषधाच्या सोबत करायची, औषधाच्या जागी नाही.

आणि या आठवड्यात एक करा. बचत गटाच्या बैठकीला जी बरेच दिवस आली नाही, तिच्या घरी जा. उपदेश नको. पाच मिनिटं जवळ बसा. तिचा साठावा हिस्सा तरी हलका होईल.