अर्थसंकल्पातली आपली ओळ शोधा

(सीमाभागातील युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी १ नोव्हेंबरबद्दल बोलणार नाही आणि १७ जानेवारीबद्दलही नाही. त्या दोन तारखा इथल्या पोरांना शिकवाव्या लागत नाहीत. आज हिशेबाबद्दल बोलूया. 'अर्थसंकल्प' म्हटल्यावर मागच्या ओळीतले दोघेतिघे दाराकडे बघायला लागले, दिसलं मला. जरा दम धरा.

आधी हात वर करा. तुमच्यापैकी कितीजण आजवर कुठल्या ना कुठल्या कार्यालयात निवेदन घेऊन गेलाय? बघा की, जवळजवळ सगळेच. मराठीतून परिपत्रकं द्या, फलकावर मराठी ठेवा, शाळेला शिक्षक द्या. आता दुसरा प्रश्न. ज्या कार्यालयाच्या फायलीत ते निवेदन गेलं, त्या कार्यालयाला पैसे कुठून येतात, किती येतात आणि त्यातले किती खर्च होतात, हे कितीजणांनी पाहिलंय? एकही हात नाही. काही वर्षांपूर्वी माझाही वर आला नसता.

एकदा आम्ही पाचसहाजण असंच निवेदन घेऊन गेलो होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. साहेब सज्जन होते, खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण निधी नाही." आम्ही फोटो काढला आणि बाहेर आलो. रात्री झोपताना डोक्यात आलं, निधी नाही म्हणजे काय? यांनी मागितलाच नाही? मागितला, पण मिळाला नाही? की मिळाला आणि खर्च न होता परत गेला? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा दोषी वेगळा आहे. आम्ही मात्र तिन्हींना एकच शब्द ऐकून मान डोलावली होती.

हाच प्रश्न सरकारच्या प्रत्येक खात्याला दरवर्षी विचारायचं काम देशात काही लोकांना नेमून दिलेलं आहे. त्यांना संसदेच्या विभागनिहाय स्थायी समित्या म्हणतात.

आधी चौकट समजून घेऊ. केंद्र सरकारला एक रुपया खर्च करायचा तरी लोकसभेची परवानगी लागते. राज्यघटनेच्या कलम ११३ प्रमाणे प्रत्येक खातं आपल्या खर्चाची मागणी लोकसभेपुढे ठेवतं. तिला अनुदानाची मागणी म्हणतात. शब्द लक्षात ठेवा, 'मागणी'. म्हणजे आपण तहसीलदारांपुढे मागणी ठेवतो, तसं मंत्र्यालाही सभागृहापुढे मागणीच ठेवावी लागते. मंजूर करायची की नाही, ते लोकप्रतिनिधींनी ठरवायचं.

आता खाती इतकी, कागद हजारो पानांचे आणि सभागृहाला दिवस मोजके. म्हणून १९९३ साली १७ स्थायी समित्या नेमल्या गेल्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. एका समितीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. सगळ्या पक्षांचे. मंत्री मात्र सदस्य होऊ शकत नाही, कारण ज्याचा हिशेब तपासायचा त्यानेच तपासायला बसू नये.

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. त्यावर सर्वसाधारण चर्चा होते आणि मग अधिवेशनाला काही आठवड्यांची सुट्टी पडते. टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने तेव्हा संसद बंद असते. खरं काम त्याच दिवसांत चालतं. समिती खात्याकडून कागद मागवते, लेखी प्रश्न पाठवते आणि मग खात्याच्या सचिवाला समोर बसवून साक्ष घेते. मंत्र्याला बोलावत नाहीत, अधिकाऱ्याला बोलावतात. दारं बंद असतात, कॅमेरा नसतो. त्यामुळे ओरडून दाखवायचं कुणाला कारण नसतं आणि विरोधी पक्षाचा खासदार व सत्ताधारी पक्षाचा खासदार बऱ्याचदा एकाच बाजूने प्रश्न विचारतात. शेवटी अहवाल तयार होतो. कुणाचं पटलं नाही तर तो सदस्य आपली भिन्नमतपत्रिका जोडू शकतो. अहवाल दोन्ही सभागृहांत ठेवला जातो आणि मग तो तुम्हाआम्हाला मोफत वाचता येतो.

या अहवालांत तीन आकडे शेजारी शेजारी असतात. अर्थसंकल्पी अंदाज म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेला. सुधारित अंदाज म्हणजे मध्येच वाढवलेला किंवा कापलेला. आणि प्रत्यक्ष खर्च. माझ्या त्या साहेबांच्या 'निधी नाही'चं उत्तर या तीन रकान्यांत असतं. पहिला रकानाच बारीक असेल तर मुळात दिलंच नाही. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर मध्येच कापलं. दुसरा मोठा आणि तिसरा लहान असेल तर पैसे पडून राहिले.

एक खरं उदाहरण घ्या. अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाचा २०२२-२३ चा अर्थसंकल्पी अंदाज होता ५,०२०.५० कोटी रुपये. वर्ष संपत आलं तेव्हा सुधारित अंदाज झाला २,६१२.६६ कोटी. जवळजवळ निम्मा. आणि पुढच्या वर्षी, २०२३-२४ ला, तरतूद ठेवली ३,०९७.६० कोटी. म्हणजे आधी कापलं आणि मग कापलेल्या आकड्याच्या आसपासच नवा आकडा बसवला. खर्च न करणाऱ्या खात्याचा पुढचा वाटा असाच आटतो.

तुम्ही म्हणाल, हे मंत्रालय आपलं कुठे? ते तर धार्मिक अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्त्यांचं. बहुतेक पैसा तिकडेच जातो, बरोबर. पण इथेच आपली ओळ आहे.

१९५६ ला राज्यं भाषेवर बेतली गेली आणि आपण रेषेच्या अलीकडे राहिलो. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने दोन कलमं घातली गेली. ३५०अ म्हणतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय व्हावी. ३५०ब म्हणतं, त्यांच्या संरक्षणाकडे लक्ष द्यायला राष्ट्रपती एक विशेष अधिकारी नेमतील, तो राष्ट्रपतींना अहवाल देईल आणि तो अहवाल संसदेपुढे ठेवला जाईल. तोच भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. १९५७ पासून हे पद आहे. त्याचं एक विभागीय कार्यालय अनेक वर्षं आपल्या बेळगावात चाललं. पंधरा टक्क्यांचा नियम म्हणून आपण जो सारखा सांगतो, तो पाळला जातो की नाही हे बघायचं काम याच कार्यालयाचं.

हे कार्यालय अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाखाली येतं. त्या मंत्रालयाच्या मागण्या तपासते सामाजिक न्याय व सक्षमीकरण विषयाची स्थायी समिती. म्हणजे दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ३१ खासदार एका टेबलाभोवती बसतात. ते हवं तर विचारू शकतात की भाषिक अल्पसंख्याक आयुक्ताला किती पैसे दिले, माणसं किती भरली, किती पदं रिकामी, किती जिल्ह्यांना भेट दिली, अहवाल वेळेवर का येत नाही. हजारो कोटींच्या मागणीत आपली ओळ इतकी बारीक असते की कुणी बोट ठेवून दाखवली नाही तर ती नजरेतून सुटणारच. आणि बोट ठेवायला आपल्यापैकी कुणी गेलेलं नसतं. रस्त्यावर आपण जोरात असतो, पण या टेबलापर्यंत आपला कागदच पोचत नाही.

आता मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा जादूची कांडी विकायला आला. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. समितीला कपात सूचनाही सुचवता येत नाही. आणि मराठी शाळेच्या शिक्षकाचा पगार बेंगळूरच्या अर्थसंकल्पातून येतो, दिल्लीच्या नव्हे. तो झगडा वेगळा लढावा लागेल.

मग वाचायचं कशाला? दोन कारणं आहेत.

पहिलं. सभागृहात सगळ्या मागण्यांवर चर्चा होतच नाही. ठरलेल्या दिवशी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मुंडकी छाटायच्या यंत्रावरून. २०१८ ला आणि पुन्हा २०२३ ला गोंधळात सगळ्याच खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या. एकाही खात्यावर चर्चा नाही. अशा वर्षी त्या पैशाला कुणी प्रश्न विचारला याचा संसदेतला पुरावा उरतो तो या समित्यांच्या अहवालांतच.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. समितीने शिफारस केली की खात्याला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, काय केलं आणि काय नाही. त्यावर समिती पुन्हा एक अहवाल काढते, कार्यवाही अहवाल. त्यात साधारण पाच प्रकरणं असतात. चौथं प्रकरण थेट उघडायचं. खात्याने दिलेली जी उत्तरं समितीला पटली नाहीत, ती सगळी तिथे एकत्र असतात. पाचव्यात असतात अंतिम उत्तर अजून न आलेल्या गोष्टी. 'काम प्रगतिपथावर आहे' हे वाक्य आपण तालुक्याच्या कचेरीत ऐकतो, तसं ते दिल्लीतही लिहून देतात. फरक इतकाच की तिथे ते छापलं जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं जातं.

आपल्या निवेदनाच्या बाबतीत हे कधी होतं का? आपण दिलेल्या निवेदनाचं उत्तर तीन महिन्यांनी विचारायला परत किती वेळा गेलो?

आता काम वाटून घेऊया. पहिलं काम, आपला खासदार कुठल्या समितीवर आहे ते शोधा. संसदेच्या संकेतस्थळावर यादी असते. बेळगाव शहरातल्यांनी बेळगावचा बघा, निपाणीकरांनी चिकोडीचा. खानापूरवाल्यांनो, तुमचा तालुका उत्तर कन्नड मतदारसंघात आहे, तेव्हा तिकडचा बघा. भालकी-औरादच्या मंडळींनी बीदरचा. समित्या दरवर्षी नव्याने नेमल्या जातात, त्यामुळे मागच्या वर्षीची यादी धरून बसू नका.

दुसरं काम, अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाच्या मागण्यांवरचे मागच्या पाच वर्षांचे अहवाल उतरवून घ्या. आयुक्ताच्या कार्यालयाचा उल्लेख कुठे येतो, किती ओळींचा, ते एका वहीत लिहा. उल्लेख नसेल तर 'नाही' असं लिहा. ती सुद्धा माहितीच आहे.

तिसरं काम, दोन पानांचं टिपण. घोषणा नकोत, शिव्या तर नकोतच. वर्ष, रक्कम, रिकामी पदं, आपल्या तालुक्यातला अनुभव आणि शेवटी समितीने विचारावेत असे पाच प्रश्न. समितीच्या सचिवालयाला पाठवायचं आणि समितीवरच्या खासदारांनाही. खासदार कुठल्या भाषेचा, कुठल्या पक्षाचा हे बघायचं नाही. तेलुगू, उर्दू, बंगाली बोलणारे भाषिक अल्पसंख्याक कुठल्या ना कुठल्या राज्यात आहेत, आणि कर्नाटकाबाहेर कन्नड बोलणारेही आहेत. हा आयुक्त त्यांचाही आहे. हा प्रश्न आपल्या एकट्याचा म्हणून मांडाल तर एक खासदार ऐकेल, सगळ्यांचा म्हणून मांडाल तर दहा ऐकतील.

आणि हे टिपण १ फेब्रुवारीच्या आत तयार हवं. अर्थसंकल्प आल्यावर आकडे भरायचे आणि त्याच आठवड्यात पाठवायचं. मार्च उजाडल्यावर जाग आली तर उपयोग नाही, तोवर साक्षी होऊन गेलेल्या असतात.

मोर्चा काढू नका असं मी म्हणत नाही. मोर्चा काढाच. फक्त मोर्च्याच्या पुढे जो निवेदन घेऊन चालतो, त्याच्या खिशात त्या तीन रकान्यांचा कागद असू द्या. "निधी नाही" असं पुन्हा कुणी म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारता आलं पाहिजे, साहेब, मागितला नाही, मिळाला नाही, की परत गेला?

आता चहा आलाय. पण कोण कुठल्या वर्षाचा अहवाल घेतंय, ते नावानिशी लिहूनच उठायचं.