ऐकीव मत आणि चिमूटभर मीठ



विज्ञान हा तज्ज्ञांचा प्रांत आहे असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. प्रत्यक्षात मात्र विज्ञानाविषयी ज्याला मत नाही असा माणूस शोधूनही सापडणार नाही. फ्रिजमधल्या पाण्याने सर्दी होते, मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की अन्नातला कस जातो, पूर्वीच्या भांड्यांतले अन्न पचायला हलके असे, आताच्या यंत्रांमुळे माणूस आळशी झाला. अशी मते लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात आणि संध्याकाळच्या कट्ट्यावर अहोरात्र घडत असतात. त्यांतली काही खरी असतात, काही अर्धीमुर्धी खरी असतात, तर काही निखालस चुकीची असतात. बहुतेक मतांनी कोणाचे फारसे बिघडत नाही, म्हणून ती तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

परंतु काही मते अशी असतात की त्यांची किंमत घरातल्या सर्वांत लहान जिवाला मोजावी लागते. अशाच एका मताचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. ते मत आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. मुलाला जुलाब होऊ लागले की घरातले कोणी वडीलधारे माणूस म्हणते, "त्याला पाणी देऊ नका. पोटात घालाल तेवढे बाहेर पडेल."

डोळ्यांना दिसणारे आणि न दिसणारे

हे मत मूर्खपणाचे आहे असे समजण्याचे कारण नाही. ते पाहण्यातूनच निर्माण झाले आहे. मूल पाणी पिते आणि थोड्याच वेळात त्याला पुन्हा जुलाब होतो, हे प्रत्येक आईने पाहिलेले असते. दोन घटना एकामागून एक घडल्या, तेव्हा पहिली दुसरीचे कारण असली पाहिजे, असा निष्कर्ष मनाने काढला. चूक झाली ती या निष्कर्षात.

अतिसाराच्या रुग्णाचा बळी बहुधा घेते ती त्याच्या शरीरातून पाण्याची आणि क्षारांची झालेली तूट. डोळे खोल जातात, तोंडाला कोरड पडते, लघवी थांबते, मूल मलूल होते आणि अखेर रक्ताभिसरणच कोलमडते. पटकीसारख्या रोगात तर धडधाकट माणूसही काही तासांत या अवस्थेला पोहोचू शकतो. म्हणजे ज्या वेळी शरीर पाण्यासाठी आक्रोश करीत असते, नेमक्या त्याच वेळी मायेपोटी त्याचे पाणी तोडले जाते. मायेत काही उणे नसते. मत तेवढे तपासलेले नसते.

आपल्या परंपरेत मताला तपासण्याची रीत फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चार परीक्षा सांगितल्या आहेत. जाणत्याचे सांगणे, स्वतःचे पाहणे, त्यावरून काढलेला तर्क आणि अनेक कारणांचा एकत्रित मेळ घालणारी बुद्धी, असा त्यांचा स्थूल अर्थ घेता येईल. 'पाणी तोडा' हे मत पहिल्या दोन पायऱ्यांवर उभे होते. वडिलांनी सांगितले होते आणि डोळ्यांनीही पाहिले होते. पुढच्या दोन पायऱ्या चढण्याचे मात्र राहून गेले.

पदवीधरांचेही मतच

हा दोष केवळ अशिक्षितांचा होता असेही नाही. आजारी आतड्याला विश्रांती द्यावी आणि द्रव शिरेतूनच द्यावा, अशी धारणा वैद्यकविश्वातही दीर्घकाळ होती. शिरेतून क्षारयुक्त पाणी देण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी १८३२ सालीच पटकीच्या रुग्णांवर केला होता. पुढे हा उपचार सुधारत गेला आणि त्याने असंख्य प्राण वाचवले, हे निर्विवाद आहे. पण त्यासाठी निर्जंतुक द्रव, सुया, नळ्या आणि प्रशिक्षित हात लागतात. खेड्यातल्या झोपडीत मध्यरात्री हे कोठून यावे?

कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकात पटकीच्या १८६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने दिले होते. काळाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती; तथापि जगाने तिची फारशी दखल घेतली नाही. शरीरात किती द्रव गेला आणि किती बाहेर पडला याची काटेकोर मोजदाद त्या निबंधात नव्हती, आणि साखर-मीठ एकत्र का उपयोगी पडावे याचे शास्त्रही तेव्हा उलगडलेले नव्हते. बरोबर मतालाही मोजमापाचे पाठबळ नसेल तर ते वाऱ्यावर जाते, हा या प्रसंगाचा धडा आहे.

त्यानंतरची काही वर्षे मोलाची ठरली. १९५९ साली कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू एक विष निर्माण करतात आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी पाझरते, हे प्रयोगाने दाखवले. १९६० साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात, ही कल्पना मांडली.

बँकेतल्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाची, एक बँकेची. एकट्या किल्लीने तो उघडत नाही. लहान आतड्याच्या पेशींवर असेच एक दार आहे. त्याला ग्लुकोज आणि सोडियम या दोन किल्ल्या एकदम लागतात. दोन्ही लागल्या की ते पदार्थ आत जातात आणि त्यांच्यामागून पाणीही आत शोषले जाते. पटकीचे विष आतड्यातून पाणी बाहेर लोटणारा मार्ग सताड उघडते. परंतु हे आत येण्याचे दार ते बिघडवू शकत नाही. म्हणून नुसते पाणी पुरे पडत नाही, नुसती साखरही पुरत नाही. योग्य प्रमाणातली साखर, मीठ आणि पाणी ही त्रयीच काम करते.

बनगावची परीक्षा

१९६८ साली ढाक्यातील संशोधन केंद्रात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी या तत्त्वावर प्रौढ रुग्णांना तोंडावाटे द्रव दिला आणि शिरेतून द्याव्या लागणाऱ्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते असे दाखवले. कोलकात्यातही याच दिशेने काम चालू होते. पण हे सारे सुसज्ज रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते. सामान्य माणसाच्या हाती हे देता येईल, असे तेव्हा फार थोड्यांना वाटत होते.

परीक्षा झाली ती १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगाव येथील छावण्यांत पटकीने थैमान घातले. तेथील रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडले होते. शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा संपत चालला होता आणि ते लावणारी प्रशिक्षित माणसेही मोजकीच होती.

तेथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनाबिस यांनी तेव्हा एक धाडसी निर्णय घेतला. एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशी मिश्रणाची पाकिटे कोलकात्यात तयार करण्यात आली. प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली गेली. छावणीत ते मिश्रण पिंपांतील पाण्यात विरघळवण्यात आले आणि पेल्यापेल्याने पाजण्याचे काम आई, बाप, भाऊ, बहीण अशा रुग्णाच्या नातलगांकडे सोपवण्यात आले. अत्यवस्थ रुग्णांसाठी उपलब्ध सलाईन राखून ठेवले गेले.

दोन महिन्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. अशा छावण्यांत पूर्वी शंभरांतले वीस ते तीस रुग्ण दगावत. या पद्धतीने ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. १९७८ साली 'लॅन्सेट'ने या उपचाराची गणना शतकातील संभाव्यतः सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली. डॉ. महालनाबिस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आपल्याकडे या मिश्रणाला 'जलसंजीवनी' हे अत्यंत सार्थ नाव मिळाले आहे.

सिद्ध झाले, तरी पटले नाही

येथे कथा संपावयास हवी होती. पण सिद्ध होणे आणि पटणे यांत मोठे अंतर असते. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण मातांना शिकवले. सुरुवातीला असे आढळले की माता पाठ घडाघडा म्हणून दाखवीत, पण मूल आजारी पडले की मिश्रण वापरीत मात्र नसत. शोध घेता कळले की, शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. ही उणीव दूर केल्यावर, आणि कार्यकर्त्याचे मानधन मातेला किती नीट आले यावर ठरवल्यावर, काम वेगाने पुढे गेले. दशकाअखेर एक कोटीहून अधिक घरांपर्यंत हे शिक्षण पोहोचले होते.

कार्यकर्त्याने हा प्रसंग विशेष ध्यानात ठेवावा. जे स्वतःला पटलेले नाही ते दुसऱ्याच्या घरात रुजत नाही.

महाराष्ट्रातही 'सलाईन लावल्याशिवाय अंगात ताकद येत नाही' हे मत अजून पुरते गेलेले नाही. जे महाग, जे सुईने टोचले जाते, तेच गुणकारी, अशी एक समजूत त्यामागे आहे. याच्या उलट टोकालाही तितकीच घातक समजूत आहे: साखरेचे कोणतेही गोड पेय म्हणजे जलसंजीवनी. वास्तविक साखर फार झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर लहान मुलाच्या जिवाला धोका होतो. २००२ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ आहे. शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. या सूत्रात न बसणारी गोड पेये 'ओआरएस' हे नाव लावून विकली जात होती. २०२५ सालच्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्या नावाचा असा वापर थांबवण्याचा आदेश काढला. वेष्टनावरचे नाव हेही एक मतच. तेही तपासूनच घ्यावे लागते.

मोजणारे हात

मोजणे हे शिकल्यासवरलेल्यांनाच जमते, ही आणखी एक ऐकीव समजूत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिला उत्तर दिले आहे. बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा तर त्याचे मिनिटाला होणारे श्वास मोजावे लागतात. गावच्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नसत. तेव्हा दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवण्याचे साधे साधन त्यांच्या हाती देण्यात आले. पुढे गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ३९ गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. त्या हातांना पदवी नव्हती, पण त्यांनी मोजले, नोंदले आणि त्याप्रमाणे वागले.

१९८०च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले अतिसाराने दगावत असा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडच्या अंदाजानुसार हा आकडा सुमारे ४ लाख ४४ हजार आहे. या घटीचे श्रेय शुद्ध पाणी, पोषण आणि लसी यांनाही आहे. पण जलसंजीवनीचा वाटा त्यात मोठा आहे. आणि उरलेल्या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे, हेही विसरता येणार नाही.

म्हणून आज घरी परतल्यावर एवढे करावे. औषधांच्या डब्यात जलसंजीवनीची दोन पाकिटे आहेत की नाहीत ते पाहावे. एक लिटरचे भांडे कोणते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ, यापेक्षा कमी नाही, जास्त नाही. बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नये, मोठ्या मुलाचे जेवण तोडू नये. मूल पिऊ शकत नसेल, मलूल झाले असेल, लघवी थांबली असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

आणि कोणी वडीलधारे माणूस मायेने म्हणालेच, "पाणी देऊ नका," तर त्यांच्याशी वाद घालत बसू नये. त्यांच्याच हाती पेला आणि चमचा द्यावा, आणि नातवाला घोटघोट पाजायला सांगावे. सकाळी नातू डोळे उघडून हसला, की त्यांचे मत त्यांचे तेच बदलतील.